अर्धा सूर खाली

मास्तर चक्रम होते असं म्हणणारे नांदेडात आजही पुष्कळ आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, कारण चक्रम तर ते होतेच. पण चक्रम म्हणताना जे तोंड वाकडं करून हसतात ना, त्यांना मात्र मी सोडत नाही. परवाच भाजी घेताना एकाशी वाजलं. हातातली मेथीची जुडी परत ढिगावर ठेवली, त्याला चार शब्द सुनावले आणि भाजी न घेताच घरी आले. घरच्यांनी त्या दिवशी पिठलं खाल्लं.

मास्तर म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्रातले प्यानोवाले. लोक प्यानो म्हणायचे, ते स्वतः सिंथेसायझर, थोडक्यात सिंथ म्हणायचे, आणि कुणी चुकून बँजो म्हणालं तर त्या माणसाशी त्या दिवसापुरतं बोलणं बंद. मी त्याच ऑर्केस्ट्रात गायची. दिवसा तरोडा नाक्याजवळ माझं ब्लाऊज शिवायचं दुकान, आणि लग्नसराईत, गणपतीत, नवरात्रात हातात माईक. घर शिलाईवर चालायचं, गाण्यावर नाही. तरी कुणी विचारलं तुम्ही काय करता, तर तोंडातून 'गाते' असंच निघायचं. 'शिवते' असं मी कधी म्हणाले नाही, अजूनही म्हणत नाही.

ती सिंथ जपानी. मास्तरांनी तरुणपणी हैदराबादहून आणली, आणि तेव्हाही ती कुणाचीतरी वापरलेलीच होती. काळपट करडा रंग, वर चपट्या बटणांच्या रांगा, आणि काडेपेटीएवढा एक पडदा. तिच्यात ठेका नाही, स्पीकर नाही, एक बटण दाबलं की आपोआप सगळा बँड वाजायला लागतो तसलं काही नाही. आवाजसुद्धा आपले आपण बनवायचे, आणि तेही आकडे फिरवून. मी एकदा विचारलं, मास्तर, हे नेमकं चालतं तरी कसं? तर माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून त्यांनी समजावून सांगितलं. आत चार जण बसलेत असं समजा. एक जण गातो, दुसरा त्याला गुदगुल्या करतो. थोड्या गुदगुल्या केल्या तर बासरी, जास्त केल्या तर घंटा, आणि लईच केल्या तर पत्र्यावर दगड पडल्यासारखा आवाज. कुणी कुणाला किती गुदगुल्या करायच्या एवढंच आपण ठरवायचं, बाकी काही न्हाई. ब्लाऊज शिवायला आलेल्या बाईनंसुद्धा कान देऊन ऐकलं, आणि जाताना मला म्हणाली, मास्तर जरा हलके दिसतात डोक्यानं.

बनवलेल्या आवाजाला नाव द्यावं लागतं. पडद्यावर इंग्रजी दहाच अक्षरं बसायची, त्यात मास्तर गावंच्या गावं कोंबायचे. 'हदगाव जिनिंग' नावाचा एक घोगरा, खालचा आवाज होता, तो हदगावच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याशेजारी मुक्काम केला तेव्हाचा. आणि एक 'उदगीर सनई'. उदगीरला एका लग्नात कुणा म्हाताऱ्या सनईवाल्याला ऐकून आले आणि मग कित्येक महिने आकडे फिरवत बसले. शेवटी जो आवाज निघाला तो ऐकून आमचा गिटारवाला म्हणाला, सनईला सर्दी झालीय. मास्तर अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, सनई सनईवाल्यानंच वाजवावी, ही तिची मावसबहीण हाय. नाक तेवढं सारखं.

प्रवासात सिंथ त्यांच्याशेजारी बसायची. वाकळेत गुंडाळलेली, वरून सुतळीनं बांधलेली, खिडकीच्या बाजूला उभी. नांदेडहून लातूरला निघालो की कंडक्टरसमोर दोन तिकिटं मागायचे. एक माझं, एक हिचं. कंडक्टर म्हणायचा, काका, सामान वर टाका ना टपावर. मग मास्तर त्याला विचारायचे, तुमच्या मातोश्रींना टपावर टाकता का? एकदा लोह्याच्या पुढं एक कंडक्टर खरंच भडकला, गाडी बाजूला घ्यायला लावली. सगळी बस मास्तरांवर ओरडायला लागली. मास्तर शांत. म्हणाले, ही जागा घेते, जागा घेते तर तिकीट लागतं, मी द्यायला तयार हाय, मग तकलीफ कुणाला हाय? शेवटी कंडक्टरनं चिडून फुल तिकीट फाडलं, आणि मास्तरांनी ते वाकळेच्या सुतळीत नीट खोचलं. मी तोंडाला पदर लावून हसत होते. अहमदपूरला चेकर चढला तर त्यानं पण आधी तिकीट बघितलं, मग वाकळ बघितली, आणि पुढं गेला.

मास्तर घरचे अर्धापूरचे, केळीचा मळा. भाऊ मळा बघायचा आणि मास्तरांच्या वाट्याची केळी नांदेडला पाठवायचा. त्यामुळे कार्यक्रम संपला की मास्तर आपल्या पिशवीतून केळी काढून सगळ्यांना वाटणार. कार्यक्रम चांगला झाला तर प्रत्येकाला दोन, कुणी बेसूर वाजवलं तर त्याला एकच, आणि तेही काळं पडलेलं. बोलायचे काही नाहीत. ढोलकीवाला एकदा म्हणाला, मास्तर, शिव्या द्या, पण असलं केळं देऊ नका.

अजून एक कॅसेटची गोष्ट. त्या यंत्राच्या पोटात एक छोटी बॅटरी असते. ती मेली की बनवलेले सगळे आवाज पुसले जातात. म्हणून ते कॅसेटवर उतरवून ठेवायची सोय केलेली असते. पण ती कॅसेट साध्या टेपवर लावली तर गाणं वाजत नाही, नुसतं चीं-चीं-खर्रर्र होतं. एकदा आमच्या जीपच्या ड्रायव्हरनं तीच कॅसेट चुकून टेपमध्ये घातली. जीपमधले सगळे कानावर हात ठेवून बंद कर, बंद कर म्हणायला लागले. मास्तर मात्र पुढच्या सीटवर डोळे मिटून मान हलवत होते. बंद करू दिली नाही. म्हणाले, अर्धवट तोडायची नसते, यात उदगीरची सनई हाय, जिनिंग हाय, सगळं हाय, ऐकून घ्या. आणि आम्ही नायगावपर्यंत ते खर्रर्र ऐकलं, काय करता.

आता ती सिंथ माझ्याकडे आहे. मास्तर मागच्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या भावाच्या मुलानं ती वाकळेसकट आणून दिली, म्हणाला, आत्या, काका सांगून गेले हिला तुमच्याकडंच ठेवा. पोटातली बॅटरी तोवर मेली होती. मी नवीन टाकून घेतली आणि कॅसेटवरून सगळे आवाज परत आत भरले, मीच, या हातानं. दिवाळीच्या आधी पुण्याहून एक तरुण आला होता. जुनी यंत्रं जमवतो म्हणे. फार गोड बोलला, विंटेज विंटेज करत राहिला. मला विचारलं, मावशी, ही चालू आहे का? मी म्हटलं, रोज संध्याकाळी चालू असते, मी गाते तिच्यावर. त्याला वाटलं मी भाव वाढवून राहिले. मी त्याला चहा दिला आणि रस्ता दाखवला. जी वस्तू रोज कामाला येते तिला काचेत ठेवायला मी काय खुळी आहे?

मास्तरांची जिद मात्र त्या यंत्रापेक्षा त्यांच्या बल्बमध्ये जास्त दिसायची. शंभरचा पिवळा बल्ब, होल्डर, दोन वायरी, असं त्यांच्या शर्टाच्या खिशात नाहीतर पिशवीत कायम असायचं. कुठल्याही स्टेजवर चढले की सिंथ आधी काढणार नाहीत. आधी बल्ब प्लगात खोचणार आणि त्याच्याकडं टक लावून बसणार. उजेड थरथरला, पिवळा पडला, तर सिंथ वाकळेतच. आपल्याकडची लाईट आणि मांडवातले जनरेटर, तुम्हाला माहिती आहेच. नायगावला गणपतीत असंच झालं. मंडळाच्या पोरांनी जनरेटरवर आधी डीजेची भिंत जोडलेली, उरलेल्या जिवावर आम्ही. बल्ब कोंबडीच्या पापणीसारखा उघडझाप करायला लागला. मास्तर हाताची घडी घालून बसले. समोर मैदान भरलेलं, पोरं शिट्ट्या मारून राहिलेली, आणि उद्घाटनाला आलेले नगरसेवक घाम पुसत उभे. नगरसेवक स्टेजवर येऊन म्हणाले, ओ मास्तर, एवढी लाईट माझ्या माईकला पुरती, तुम्हाला का पुरत न्हाई? मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले, "साहेब, तुमचं भाषण कमी लाईटवर चालतं. माझी सिंथ न्हाई चालत."

मैदान हसलं. नगरसेवक पण हसले बिचारे, दुसरं काय करणार. शेवटी डीजे काढला, जनरेटर आमच्याकडं आला, पण तोवर मी नुसत्या ढोलकीवर गवळणी गाऊन घसा कोरडा केला होता. त्या दिवशी मी मास्तरांवर खरंच चिडले होते. परत येताना जीपमध्ये बोलले नाही. त्यांनी मला दोन केळी दिली. मी ती ड्रायव्हरला दिली.

पण आता मुख्य गोष्ट सांगायला पाहिजे. ती माझ्या गळ्याची आहे.

आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकाचा एकच नियम होता. गाणं मूळ पट्टीत झालं पाहिजे. त्याच्या फ्लेक्सवर माझ्या फोटोच्या खाली 'हुबेहूब' असं लिहिलेलं असायचं. दुसऱ्या ऑर्केस्ट्रात बाई दमली की पट्टी खाली घेतात, आपल्यात तसलं चालत नाही, असं तो लग्नाच्या पार्टीला सांगायचा. ज्या बाईचा आवाज वर जाईना तिला तो निवेदनाला लावायचा. साडी छान नेसायची, हसायचं, आता येत आहेत म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. माझ्या आधीच्या गायिकेचं तेच झालं होतं. ती कागद हातात घेऊन स्टेजच्या कडेला उभी राहायची आणि मी तिची गाणी गायची. मला ती कधी वाईट बोलली नाही. पण तिचं ते हसणं मी विसरले नाही.

मग माझ्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, सगळ्यांनी देवाचे आभार मानले. बोलण्यात काही फरक नव्हता. पण घरी एकटी असताना गायला गेले तर वरचा सूर येईना. पूर्वी हात वर केला की फळीवरचा डबा हाताला यायचा, तसा तो सूर यायचा. आता बोटं टेकायची, पकड बसायची नाही. ज्येष्ठमध चघळला, गरम पाणी प्यायले, सकाळी उठून रियाज केला. कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. मला रात्रंदिवस ती कडेला उभी राहणारी बाई दिसायची, आणि तिच्या जागी मी.

ऑपरेशननंतरची पहिली तालीम मालकाच्या गोदामात, दुपारी. मी माईक धरून उभी. मास्तरांनी नेहमीसारखं माझ्या गाण्याचं सुरुवातीचं म्युझिक वाजवलं. मी पहिला चरण गायले, दुसऱ्यात वरच्या जागेला जाताना आवाज चिरला. गिटारवाल्यानं वर बघितलं. मी पटकन खोकल्यासारखं केलं, म्हटलं, धूळ लई हाय इथं. चहा आला. चहा पिऊन परत बसलो तेव्हा ते चष्मा पुसत सगळ्यांना म्हणाले, सिंथ उतरलीय. वय झालंय तिचं. अर्धा सूर खाली गेलीय, पुरता अर्धा बी न्हाई. तेव्हा आपापल्या तारा उतरवून घ्या.

आणि सगळ्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. आम्ही सगळे बाजाच्या पेटीवर शिकलेली माणसं. पेटी जुनी झाली की तिचे सूर उतरतात, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. मग ही पण पेटीच की, जपानी असली म्हणून काय झालं. गिटारवाला कुरकुरला, बास वाजवणाऱ्यानं शिव्या देत तारा ढिल्या केल्या, मालकानं कपाळाला हात लावला, पण मास्तरांशी वाद घालायची हिंमत कुणाला नव्हती. परत गाणं सुरू केलं. वरची जागा आली आणि मी त्या सुरावर अलगद जाऊन बसले.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं देव पावला. म्हातारी सिंथ नेमकी माझ्याच वेळेला उतरली. मालक अधूनमधून म्हणायचा, मास्तर, ती लातूरला नेऊ, दुरुस्त करून आणू. मास्तर म्हणायचे, तिला कुणी उघडायचं न्हाई, माझ्या जिवात जीव हाय तोवर. मी मनात म्हणायचे, शाबास, धरा हट्ट. त्यांच्या ज्या हेकटपणावर मी इतकी वर्षं चिडत आले, तोच आता माझा आधार झाला होता. देवळात गेले की सिंथ दुरुस्त होऊ नये असं मागायची. हसा खुशाल. मी पण हसते आता.

असे बरेच सीझन गेले. माझा गळाही हळूहळू अजून उतरत होता, वरची जागा परत ताणून घ्यावी लागायची. मग ट्रॅक आले. म्हणजे लॅपटॉपमध्ये गाण्याचं सगळं म्युझिक तयार, मूळ पट्टीत, वाजवायला माणूसच नको. मालकानं लॅपटॉप घेतला. ढोलकीवाला गेला, बासवाला गेला. गिटारवाला आणि मास्तर तेवढे शोभेला ठेवले, कारण स्टेज रिकामं दिसतं म्हणे. मालक म्हणायचा, मास्तर, आवाज बंद ठेवा, नुसती बोटं फिरवा. मास्तर म्हणाले, नुसती बोटं फिरवायला मी काय गोधडी शिवून राहिलो का? आणि ते मुद्दाम आवाज चालू ठेवायचे. आता सिंथ ना या पट्टीत, ना त्या पट्टीत. दोन्हीच्या मधे कुठंतरी. तिच्याबरोबर कुठलाच ट्रॅक जुळायचा नाही, ऐकणाऱ्याचे दात आंबायचे. मग मालकाला नाइलाजानं ट्रॅक बंद करायला लागायचा, आणि आम्ही तिघं जुन्यासारखं वाजवायचो, गायचो. मालक दात-ओठ खायचा. मी मात्र प्रत्येक कार्यक्रमाला वाचायचे.

हे किती दिवस चालणार होतं? लातूरला ते सुटलं.

लातूरच्या एका आडत व्यापाऱ्याच्या घरचं लग्न. मोठं घर, डाळीचा मोठा व्यवहार, पंचक्रोशीतली माणसं येणार. संध्याकाळी मंगल कार्यालयात स्वागत समारंभ आणि आमचा कार्यक्रम. मालकानं या वेळी कसर ठेवायची नाही म्हणून हैदराबादहून साउंडवाला बोलावला होता. दुपारी चारच्या सुमारास आम्ही स्टेजवर तपासणी करत होतो. खाली बायका रांगोळी काढत होत्या, आचारी कांदा चिरत होते, नवरीचे मामा खुर्च्या लावून घेत होते. साउंडवाल्यानं ट्रॅक लावला, मास्तरांनी सिंथ वाजवली, आणि नेहमीसारखं दोन्ही एकमेकांना खायला उठले. साउंडवाल्यानं कान झाकले. मालक म्हणाला, जाने दो भाई, पुराना माल है, उतर गया है.

साउंडवाला वर आला. मोबाइलवर सूर मोजायचं अॅप उघडून तो सिंथजवळ धरला, एक पट्टी दाबून बघितली, परत दाबली. मग मालकाकडं वळून म्हणाला, "ये डिजिटल है भाई. पेटी थोडी है. ये बुड्ढी होके मर जाती, मगर खुद से उतरती नै. इसको कोई उतारा."

त्याला काय माहीत. तो बिचारा आपलं काम करत होता.

गिटारवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतकी वर्षं त्यानं तारा ढिल्या केल्या होत्या. मालक मास्तरांजवळ गेला आणि त्यांना विचारलं, मास्तर, हा काय म्हणून राहिला? मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"बराबर म्हणून राहिला. मीच उतरवलीय."

का, मालकानं विचारलं. आणि मास्तर म्हणाले, मला तसं आवडतं. बस्स. एवढंच. मालक पेटला. माझा धंदा बुडवला, मला खुळ्यात काढलं, ट्रॅकचा सत्यानाश केला, एका माणसाच्या नादापायी, असं काय काय बोलला. नवरीचे मामा खुर्ची हातात धरून बघत उभे राहिले. मास्तर ऐकून घेत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. आणि त्यांनी बघितलं नाही, म्हणूनच मला सगळं कळलं. गोदामातली ती तालीम, चिरलेला आवाज, चहा, पुसलेला चष्मा. माझी गाठ निघाली त्याच महिन्यात सिंथ म्हातारी झाली होती. आणि मी देवळात नारळ फोडत होते!

लाज वाटली, राग आला, रडू आलं, सगळं एकदम. राग मास्तरांचाही आला. मला सांगायचं तरी. पण सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? मी पाय धरले असते आणि कुणाला सांगू नका म्हणाले असते. हे त्यांना माहीत होतं. म्हणून या माणसानं आपल्या सिंथवर म्हातारपणाचा डाग घेतला. सिंथला कुणी जुनी म्हटलं तरी ज्यांना झोंबायचं, त्यांनी स्वतःच्या तोंडानं सगळ्यांसमोर तिला उतरलेली म्हटलं होतं, आणि रोज म्हणत राहिले होते.

मालकाचं बोलून झालं. मग त्यानं फर्मान सोडलं. आत्ताच्या आत्ता सिंथ वर चढवा, ट्रॅकला जुळवा, नाहीतर वाकळेत बांधा आणि चालू लागा. ताई ट्रॅकवर गातील, मूळ पट्टीत, हुबेहूब. मास्तर उठले. वाकळ उचलली आणि सिंथवर घालायला लागले. मला कळत होतं की मी गप्प राहिले तर ते असेच बस स्टँडवर जातील, दोन तिकिटं काढतील, आणि नांदेडला जाऊन सगळ्यांना सांगतील की हो, मीच हेकट, मीच चक्रम. माझं नाव त्यांच्या तोंडून कधीच निघालं नसतं. आणि इथं संध्याकाळी, पहिल्याच गाण्यात, सगळ्या लातूरसमोर माझा आवाज चिरला असता. आणि समजा चिरला नसता, समजा नशिबानं एक दिवस निभावलं असतं, तरी मला ते गाणं तोंडात धरवलं नसतं.

मी माईक घेतला. तो चालू होता, ते मला माहीत होतं. आचाऱ्यांपर्यंत आवाज गेला.

"मालक, मास्तरांना बोलू नका. सिंथ चांगली हाय. माझा आवाज उतरलाय. ऑपरेशननंतर मला वर गाता येत न्हाई."

रांगोळी काढणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. मालक माझ्याजवळ आला. मग हळू आवाजात, समजुतीनं म्हणाला, ताई, मग आधी सांगायचं ना, तुम्ही निवेदन करा, मी दुसरी मुलगी बोलावतो, उदगीरला एक हाय. त्याच्या आवाजात वाईट काही नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं की तो माझी सोय करून राहिला.

मी म्हटलं, निवेदन मी करणार न्हाई. गायला आले, गाऊनच जाणार. ज्यांच्या घरचं लग्न आहे त्यांना विचारा, त्यांना बाईचं गाणं ऐकायचंय की लॅपटॉपचं. ते जा म्हणाले तर मी आणि मास्तर आत्ता जातो. नवरीचे मामा अजून खुर्ची धरूनच उभे होते. त्यांनी ती खाली ठेवली, स्टेजच्या समोर मधोमध, आणि तिच्यावर बसले. हाताची घडी घातली.

मास्तर वाकळ हातात घेऊन उभे होते. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते मला आवडलं नाही, म्हणून मी जरा दरडावूनच बोलले.

"मास्तर, बसा. वाकळ काढा. आणि सिंथ अजून खाली घ्या."

ते बसले. चष्मा डोळ्यांवर नीट केला, बटणावर बोट ठेवलं, आणि वर न बघता विचारलं, "किती?"

"माझा आवाज आता जिथं हाय, तिथपर्यंत," मी म्हटलं. त्यांनी एक पट्टी दाबून धरली आणि आकडा खाली न्यायला सुरुवात केली. मी सूर धरून उभी राहिले, आणि दोन्ही एक झाले तेव्हा म्हटलं, थांबा.